फ्रिजमधले बटाटे आणि शुक्रवारचं तळण

बटाट्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर, जिथे घरोघरी बटाटा पिकतो तिथे, जन्मलेल्या बाईला बटाटा कळत नसेल तर कुणाला कळणार? आमच्याकडे दुकानातून बटाटे आणताना कुणी दिसलं, तर शेजारी घरी चौकशीला येतात, सगळं ठीक आहे ना म्हणून.

ईस्टरआधीच्या उपासांत मांस चालत नाही, म्हणून दर शुक्रवारी गावच्या अग्निशमन केंद्रात मासे आणि फ्राइजचं जेवण असतं. अकरा वर्षं तेलाची कढई गावातल्या म्युरिएलकडे. यंदा ती बर्फावर घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि कढई माझ्याकडे आली. वाईट वाटलं. पण फार नाही. माझे फ्राइज एकदा लोकांच्या जिभेवर बसले, की कढई कायमची माझी!

अडचण एकच. घर तापवायची नवी भट्टी बसवल्यापासून बटाटे ठेवायचं तळघर उबदार झालेलं, बटाट्यांना कोंब फुटायला लागले होते. मी गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमधून नवऱ्याची बियर बाहेर काढली, कप्पे उपसले आणि बटाटे आत कोंबले.

नवरा, एल्वूड, दारात उभा. तीस वर्षं बटाट्यांच्या गोदामात तापमान बघितलेला माणूस. बोलतो कमी.

"विने, तिथे नको."

"बियर बाहेरच्या बर्फातही गार राहील!"

"मी बियरचं म्हणत नाहीये."

"मला कळतं तू कशाचं म्हणतोयस ते!"

खांदे उडवून तो निघून गेला. तीन आठवडे मी रोज फ्रिजचं दार उघडून बघत होते, पाळण्यातलं बाळ बघावं तसं. बटाटे टणक, एक कोंब नाही!

उपासांतला पहिला शुक्रवार उजाडला. संध्याकाळी ऐंशी माणसं जेवायला. पहिला घाणा तेलात सोडला, मीठ घ्यायला वळले, परत बघते तर फ्राइज अक्रोडाच्या रंगाचे! तेल जास्त तापलं असेल म्हणून आच कमी केली. दुसरा घाणा तसाच काळपट, वर तेलकट. चिडून आच वाढवली. तिसऱ्याचा कोळसा!

पहिली थाळी आंगसकाकांना गेली होती. ते तिथूनच ओरडले, "विने, यात साखर घातलीस होय गं?"

"साखर कशाला घालीन?"

"गोड लागतायत!"

त्यांच्या बायकोनं, लॉटीनं, थाळी हिसकावली. "यांना मधुमेह आहे! मारतेस का माणसाला?"

दोन मिनिटांत सगळ्या हॉलला कळलं, की विनीनं फ्राइजमध्ये साखर घातलीय. तेवढ्यात माझ्या कढईतला धूर छतापर्यंत पोचला आणि धोक्याची घंटा ठणाणायला लागली. आमचे जवान तोंडात मासा तसाच ठेवून धावले, बूट चढवले, आणि मग एकमेकांकडे बघत उभे राहिले. जायचं कुठे? आम्ही तर केंद्रातच!

ती घंटा शेजारच्या गावातही वाजते. दहा मिनिटांत त्यांचा बंब भोंगा वाजवत आमच्या बंबासमोर येऊन उभा. आमचा प्रमुख गॉर्डी गळ्यात रुमाल अडकवून दारात गेला.

"आग नाही," तो म्हणाला. "बटाटे आहेत."

मग गळ्यात हात अडकवलेली म्युरिएल स्वयंपाकघरात आली. एक फ्राय उचलला, हुंगला, सावकाश चावला.

"बटाटे कुठे ठेवले होतेस?"

"फ्रिजमध्ये," मी पुटपुटले.

भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या.

"अगं, इतक्या थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. साखर तेलात करपणारच. अंधारात ठेवावेत, गार जागी, पण गारठ्यात नाही."

मी एल्वूडकडे वळले. तो आपला काळे फ्राइज मुकाट्यानं खात होता.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगत होतो. तू बियरचं काढलंस."

सोमवारी केंद्राच्या फळ्यावर पुढच्या शुक्रवारची कामं लागली. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

तळण: म्युरिएल, डाव्या हातानं.

गोडाधोडाचं: विनी.