हीट सिंकचा विसावा

सासूबाईंना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरची चौकट, दारातलं पायपुसणं, जावयाची कॉलर, सगळं त्या जाता-येता सरळ करत. कॉलरला हात आला की जावई मान चुकवून सटके. रविवारी त्या आपल्या गावी परत जाणार होत्या, आणि तो रविवारकडे डोळे लावून बसला होता.

जावई डाय डिझायनर. तापलेलं ॲल्युमिनियम डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, फटींतून दाबलं, की यंत्रातली उष्णता शोषून घेणारा, कंगव्यासारख्या पात्यांचा हीट सिंक बाहेर पडतो. म्हणजे पडायला हवा. याच्या डायमधून कडेच्या पात्या माना टाकूनच बाहेर येत. "उद्या ग्राहक येतोय," मालक म्हणाले होते. "हे असंच राहिलं तर डिझाइनचं काम बाहेर देतो. तुम्ही गोदाम सांभाळा."

विचार करायला म्हणून त्याने एक तुकडा घरी नेला, टेबलावर ठेवला आणि झोपला. सकाळी पात्या ताठ. गुण्या लावून पाहिला, अगदी काटकोनात. दुसरा कोणी असता तर घरात विचारलं असतं. हा पडला इंजिनियर, त्याने सिद्धांत काढला.

"साहेब, धातू रात्रभर विसावला की पात्या आपोआप सरळ होतात."

मालकांनी तुकडा पाहिला आणि ग्राहकाला तेच सांगितलं, वर 'आमची खास पद्धत' म्हणून. त्याच्यासमोर प्रेस सुरू झाला, पेटीभर तुकडे निघाले, सगळे वाकडे.

"विसावू द्या," ग्राहक म्हणाला. "उद्या सकाळी बघतो."

दुपारी डबा उघडला तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, सांगायचं राहिलं. तो तुमचा कंगवा आईने चमच्याच्या दांड्याने सरळ केलाय. आणखी काही असेल तर आणा म्हणते, तिला इथे करमत नाही."

जावयाने डबा तसाच बंद केला. संध्याकाळी सगळे गेल्यावर तो पेटी उचलून घरी आला.

सकाळी ग्राहकाने एकेका तुकड्याला गुण्या लावला. "ऑर्डर पक्की, वर्षभराची. फक्त प्रत्येक तुकडा असाच विसावलेला हवा." मालकांनी जावयाची पाठ थोपटली. गोदामाचा विषय निघाला नाही.

घरी सासूबाई बॅग भरत होत्या. जावयाने बॅगेतले कपडे काढले आणि कपाटात नीट रचून ठेवले.

"आई, एवढी काय घाई? राहा की वर्षभर."

सासूबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्या कॉलरला हात घातला. त्याने मुकाट्याने मान पुढे केली.