ओट्याजवळचं बटण

"गॅरेज घरापासून सुटं आहे, काकू. उघड्यावरनं वाळत घालायच्या दोरीसारखी वायर नेऊन चालत नाही," वायरमन म्हणाला. "गुडघाभर खोल चर खणायचा, केबल पाइपातून न्यायची. तिथं अर्थिंग वेगळं, ट्रिप स्विच वेगळा. आणि नियम म्हणजे नियम, तिथली वीज घरातूनही बंद करता आली पाहिजे."

काकूंनी बाकीचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. शेवटचं वाक्य मात्र गाठीला बांधलं.

"ते घरातलं बटण माझ्या ओट्याजवळ बसव."

निवृत्त झाल्यापासून काकांना एकच हवं होतं, जुने रेडिओ खोलून बसायला हाकेपलीकडची जागा. काकूंची हाक कुठवर पोचते हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी विजेवरचं जाडजूड शटरही बसवून घेतलं.

पण बटणापुढे शटर काय करणार! जेवण तयार झालं की काकू बटण बंद-चालू, बंद-चालू करत. तिकडे दिवा डोळे मिचकावी आणि काका मुकाट्यानं येत. "एवढं तर ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीही ऐकलं नव्हतं," काकू शेजारणीला सांगत.

त्या रविवारी धाकट्या बहिणीकडे जेवण होतं. ही धाकटी चारचौघांत म्हणायची, "ताई येईपर्यंत आम्हाला अन्न दोनदा गरम करावं लागतं." आज पहिलं पाऊल आपलंच, असा काकूंनी पण केला होता. आणि काका गाडी पुसायला म्हणून गेले ते गेलेच! काकूंनी दिवा मिचकावून पाहिला. पुन्हा मिचकावला. मग पारा चढला. बटण खाडकन बंद केलं, तसंच ठेवलं, आणि दार धाडकन ओढून त्या बाहेर पडल्या.

दार आपोआप लागणारं होतं.

"अहो, बाहेर या!"

"शटर उघडत नाही. वीज नाही," आतून काका म्हणाले.

"मीच बंद केलीय."

"मग चालू कर."

"दार लागलं. किल्ली द्या."

"माझ्या खिशात आहे. गाडीच्या किल्लीबरोबर."

"मग खालून सरकवा ना!"

"फट कुठाय? धूळ येते म्हणून तूच रबर लावायला लावलंस."

काकूंनी वायरमनला फोन लावला. तो हसला. "काकू, वीज गेली तर माणूस अडकू नये म्हणून आत साखळी दिलीय. ओढली की शटर वर. काकांनीच दोनदा ओढून पाहिलीय."

काकू शटरला तोंड लावून ओरडल्या, "अहो, साखळी ओढा!"

आत सेलवरचा रेडिओ तेवढा गुणगुणत होता.

"कसली साखळी?"

काकू काय समजायचं ते समजल्या. घड्याळ पळत होतं.

"काय हवंय तुम्हाला?"

"बटणाला पुन्हा हात लावायचा नाही. आणि चहा हवा असला की मी इथून वाजवीन अशी बेल, तुझ्या ओट्यावर."

धाकटीचं तोंड काकूंच्या डोळ्यांपुढे नाचलं. "बसवा मेली बेल!"

साखळी खडखडली. काकू पोचल्या तेव्हा धाकटी अजून केस विंचरत होती. त्या दिवशी काकूंना पाणीसुद्धा गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी बेल बसली. दुपारी कोकलली. थांबून पुन्हा कोकलली. बऱ्याच वेळानं काका स्वतःच दारात येऊन उभे राहिले.

"अगं, मघापासून बेल वाजवतोय!"

काकूंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"कसली बेल?"