फेलिक्सच्या चार नळ्या

पहिली नळी वाजून संपली, तरी फेलिक्स खुर्चीतून उठेना. ठाण्याच्या चर्चमागच्या घरात फोनोग्राफसमोर तो आणि त्याची बायको स्टेला, दोघंच बसली होती.

"बरं वाजतंय की!" स्टेला म्हणाली. "पन मधीच वरडतंय कोन?"

"मी," फेलिक्स म्हणाला.

साल १८९९. फेलिक्सने स्वतः रचलेलं नवंकोरं संगीत, आणि ते वाजवणारी चौकडी: दोन फिडलं (त्यातलं पहिलं स्वतः फेलिक्सचं), एक व्हायोला, एक चेलो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ते मेणाच्या चार नळ्यांवर भरून दिलं होतं आणि यंत्रही आठवडाभर भाड्याने दिलं होतं. चेलोवाला पायस लय सोडून पळतो, असं फेलिक्सचं वीस वर्षांचं ठाम मत. तालमीत तो हटकून "पायस, पळू नको!" असं ओरडायचा. सवयीने यंत्रासमोरही ओरडला, चारही नळ्यांवर. व्यापाऱ्याला वाटलं, नवं संगीत आहे, त्यात हेही असेल.

ओरडण्याचं एक वेळ खपलं असतं. पण नळीतला पायस शांतपणे लयीत चालला होता. पळत होता तो फेलिक्स. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या नळ्यांत तोच पळत होता आणि वर पायसला दटावत होता. फेलिक्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी फादर हा संच अख्ख्या गावाला ऐकवणार होते, आणि फादरांचा कान तयार होता.

तेवढ्यात त्याला व्यापाऱ्याची ताकीद आठवली. मेण आहे, जपून वाजवा, झिजेल.

"झिजू दे!" म्हणत त्याने यंत्राला चावी दिली आणि तो नळ्या वाजवतच सुटला.

कर्ण्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मासळी विकायला आलेली जनाबाई पाटी उतरवून ओट्यावर बसली. मग शेजारी आले, कल्याणहून पाहुणे आले. संगीत कुणालाच उमगेना. ओरडणं मात्र सगळ्यांना समजलं.

"ह्यो पायस लय पलतंय वाटतं," जनाबाई म्हणाली. "सांगून पन आयकत नाय, मेला!"

"तसं नाही गं..." फेलिक्स पुटपुटला. आणि त्याने पुढची नळी चढवली.

शनिवारपर्यंत फिडलं गेली, चेलो गेला, नुसती खरखर उरली. मोठ्याने ओरडलेलं तेवढं शाबूत राहिलं. लोक भर बाजारात पायसला थांबवून समजावू लागले. फेलिक्सला स्वतःची शरम वाटू लागली. तो उठून पायसकडे गेला.

"पायस, पळत होतो तो मी."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"पयल्या वर्सापासून. तू पललास की आमी तिघं तुझ्यामागं पलायचो. लोकान्ला वाटायचं, बरोबर हाय."

"मग यंत्रासमोर का नाही पळालास?"

पायस ओशाळला. "म्हटलं, येकदा तरी नीट वाजवावं."

फेलिक्सला रात्रभर झोप लागली नाही. रविवारी चारही नळ्यांची खरखर आणि चारही आरोळ्या ऐकून झाल्यावर तो सगळ्यांसमोर उभा राहिला.

"फादर, पळाला तो पायस नाही. मी पळालो. वीस वर्षं मीच पळतोय."

फादरांचे डोळे भरून आले.

"बघा!" ते म्हणाले. "मित्राची चूक स्वतःवर ओढून घेतो! केवढं मोठं मन!"

"नाही हो फादर, खरंच मी..."

"बस, फेलिक्स. आणखी नम्रता नको."

टाळ्यांचा कडकडाट झाला. फेलिक्सने मान खाली घातली, तेव्हा लोकांना तो आणखीच थोर वाटला. सगळ्यांत जोरात टाळ्या पायस वाजवत होता, आणि त्याही अगदी लयीत.