मेंबर नंबर सातची डागडुजी

हे मला सांगायला लावू नका म्हणून तीनदा बजावलं, तरी ज्याला त्याला ऐकायचंच आहे. मग ऐका, आणि मधे तोंड घालू नका. ब्रिगेडियर त्रिंबक नाडगौडा वारले आणि त्यांच्या जागी त्यांचा पटर आमच्या कँटोन्मेंटच्या गोल्फ क्लबाचा मेंबर झाला. पटर म्हणजे गोल्फात शेवटी चेंडू हळूच भोकात ढकलायची काठी. ब्रिगेडियरसाहेबांना मूलबाळ नव्हतं, मृत्युपत्रात वारस म्हणून त्यांनी पटरचं नाव घातलं होतं, आणि क्लबाच्या नियम चौदात एवढंच लिहिलंय की आजीव सभासदाची जागा त्याच्या वारसाकडे जाईल. वारस माणूसच असावा असं कुठे लिहिलेलं नाही. कमिटीने पुस्तक दोनदा चाळलं. कॅडीला, म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्याला, मेंबर होता येणार नाही, हे मात्र नियम बाविसात स्वच्छ लिहिलेलं सापडलं.

तेव्हा रजिस्टरात सातव्या नंबरावर नोंद झाली. नाव पटर, वडिलांचं नाव त्रिंबक, आडनाव नाडगौडा. खिडकीजवळची गादीची खुर्ची त्याला मिळाली.

मेंबर म्हटलं की मत आलं. त्या क्लबात मत द्यायची रीत अशी, की ठरावाच्या बाजूने असेल त्याने उजव्या भिंतीकडे जायचं, विरुद्ध असेल त्याने डाव्या. पटरला चालता येत नाही, म्हणून त्याला टेबलावर तळावर उभा करून हात काढून घेत. पडेल ती बाजू. ब्रिगेडियरसाहेबांनी एकदा रागाने तो दगडावर आपटला होता, तेव्हापासून त्याची दांडी डावीकडे वाकलेली. सहा वर्षांत सतरा ठराव आले आणि सतराही वेळा पटर डावीकडे पडला. सेक्रेटरी खांबेटे दर वेळी मान हलवून म्हणायचा, "वडिलांसारखेच तत्त्वाचे आहेत."

आता मेंबराच्या अंगाने चेंडू मारणं बरं दिसत नाही, म्हणून सहा वर्षांत त्याला कुणी हिरवळीवर नेला नाही. नुसता बसून बसून तो गंजला. दांडीवर तांबडे फोड आले, पितळी डोकं काळं पडलं, मुठीचं चामडं उसवून लोंबायला लागलं. त्या हॉलात बसून बसून गंजलेले आणखी पुष्कळ होते, पण त्यांच्यावर इलाज करणारा गावात कुणी नव्हता. पटरवर करणारा होता.

तो गेनबा रणपिसे. चव्वेचाळीस वर्षं त्याने त्या क्लबात साहेबलोकांच्या पिशव्या वाहिल्या. शाळा दुसरीपर्यंत. जुने पटर घरी आणून साफ करायचे, सरळ करायचे, नवं चामडं चढवायचं, हा त्याचा जोडधंदा. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

क्लबाचा शिपाई रोहिदास एका सोमवारी पटरला शालीत गुंडाळून गेनबाच्या घरी घेऊन आला. सोबत खांबेट्याचं पत्र. सदर सभासद पंधरा दिवसांच्या वैद्यकीय रजेवर आहेत. त्यांना जमिनीवर ठेवू नये. त्यांच्याशी एकेरीत बोलू नये. गेनबाने पत्रावर सही केली. त्या पत्रात गेनबाला मात्र 'तू' होतं.

गेनबाची बायको ठकूबाई चुलीपासून उठून बाहेर आली. "हे कोण आणलं?"

"मेंबर आहेत."

"जेवणार आहेत का?"

"नाही."

"मग राहू देत की. एका कोपऱ्यात बसतील."

"कोपऱ्यात नाही. खुर्ची लागते त्यांना."

घरात खुर्ची एकच. पंधरा दिवस गेनबा पायरीवर बसला.

काम त्याने नेहमीच्या पद्धतीने काढलं. "साहेब, कोट उतरवतो," म्हणून पात्याने जुनं चामडं उभं चिरलं आणि सोलून काढलं. दांडी रॉकेलच्या चिंधीत गुंडाळून दोन दिवस ठेवली, मग बारीक पॉलिशपेपरने एकाच दिशेने घासली. मागे-पुढे घासणाऱ्या माणसाला गेनबा घरात घेत नसे. पितळी डोक्याला ठकूबाईने चिंच कोळून दिली.

"डोळे मिटा," ती पटरला म्हणाली. "झोंबेल."

"त्यांना डोळे नाहीत," गेनबा म्हणाला.

"मेंबर आहेत ना? असतील."

डोक्याच्या कडेला एक खोल खाच होती, दगडावर आपटल्याची. ती त्याने घासली नाही. एक खूण मालकाची म्हणून ठेवायची, ही त्याची रीत.

इकडे क्लबात वार्षिक सभा जवळ आली होती, आणि या वेळी ठराव गेनबाच्या गुडघ्याचा होता. कॅडींना पुढच्या फाटकाने आत यायची बंदी. मेंबरांची कुत्री पुढच्या फाटकाने येतात, त्यांच्यासाठी तिथे पाण्याचं भांडंही ठेवलंय. कॅडींनी टेकडीला वळसा घालून, नाल्यावरच्या दोन फळ्यांवरून मागच्या फाटकाने यायचं. मार्चमध्ये गेनबा त्या फळीवरून घसरला. क्लबातल्याच एक मेंबर, डॉक्टर पेरीनबाई, यांनी गुडघा दाबून पाहिला आणि स्वच्छ सांगितलं, "गेनबा, अजून वर्षभर ह्या नाल्याने जाशील तर गुडघा खलास. मग पिशवी कोण उचलेल?" पिशवी सुटली तर गेनबाला दुसरं काही उचलता येत नव्हतं, नुसत्या पटरांवर घर चालत नाही. बाईंनी स्वतःच ठराव टाकला, कॅडींना पुढचं फाटक खुलं करावं. क्लबात कोण कुठल्या भिंतीकडे जाणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. हिशेब लागला एकतीस विरुद्ध एकतीस. राहिला मेंबर नंबर सात.

तो तर गेनबाच्या खुर्चीवर बसलेला.

दुसऱ्याच दिवशी म्हादू कॅडी आणखी चौघांना घेऊन आला. आत येऊन त्याने आधी पटरला रामराम केला, मग गेनबाकडे वळला.

"तात्या, तळाला उजव्या अंगानं दोन हात कानस मारा. बास. उजवीकडं पडतंय, आपलं फाटक उघडतंय."

"पडतंय नाही. पडतात म्हण."

"पडतात. पर मारा."

"नाही मारणार."

"आवं, का पर?"

"वाकडं ते सरळ करायचं, हा माझा धंदा. सरळ ते वाकडं करायला क्लबात कमिटी आहे."

"गुडघा तुमचाच हाय, तात्या. आमचं काय, आमी उड्या मारत जाऊ."

"मग जा उड्या मारत."

म्हादू दारात थांबला. "लई शाणे झालात. ह्या पितळेच्या टाळक्यावर भरोसा, आन् आमच्यावर नाही," म्हणाला आणि तोंडात येईल ते बोलून गेला. त्यातलं निम्मं इथे सांगण्यासारखं नाही.

ठकूबाईने सगळं ऐकलं होतं. "म्हादू काय खोटं बोलला? दोन हात मारले असते तर काय झालं असतं?"

"अगं, हे वाकडे होते म्हणून वाकडं मत देत होते. सरळ केले की सरळ मत देतील. त्यात कानशीचं काय काम?"

"आणि नाही दिलं तर?"

"एवढी सेवा करून घेतलेला माणूस उलटतो होय?"

तरी त्याने खात्री करून घेतली. हात धुतले, टोपी घातली आणि खुर्चीसमोर उभा राहून विचारलं, "नाडगौडासाहेब, ठराव गरिबांचा आहे. आपण उजवीकडे जाल ना?" पटर काही बोलला नाही. क्लबाच्या नियम नऊप्रमाणे विचारल्यावर जो सभासद गप्प राहतो त्याची संमती धरली जाते. ठकूबाई साक्षीला होती. शब्द मिळाला.

मग गेनबाने दांडीला फडकं गुंडाळलं, दाराच्या चौकटीतल्या खाचेत अडकवली आणि तळहाताने इतका हलका दाब दिला की श्वास सोडावा तसा. काढून एक डोळा मिटून पाहिलं. पुन्हा दाब. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी नवं चामडं आवळून गुंडाळलं, कपाटाची काच काढून ओट्यावर ठेवली, तिच्यावर पटर उभा केला आणि हात काढला. पटर उभा राहिला. ठकूबाईने भाकरी थापली, भाजली, पटर उभाच. इतका खरा पटर गेनबाच्या हातून आजवर झाला नव्हता.

सभा रविवारी सकाळी अकराला. गेनबा शालीत पटर घेऊन टेकडीला वळसा घालून, फळ्यांवरून, मागच्या फाटकाने आला. हॉलच्या दारात खांबेट्याने अडवलं. त्याच्या हातात रजिस्टर होतं आणि त्यात मेंबर नंबर सातचा फोटो, काळा, गंजलेला.

"गेनू, हे कोण आणलंस?"

"मेंबर आहेत."

"फोटोशी जुळत नाहीत. हे तरुण दिसतात."

"साफ झालेत, साहेब. ही बघा खाच. ब्रिगेडियरसाहेबांच्या हातची."

खांबेट्याने भिंग आणवलं, खाच पाहिली, फोटोतली खाच पाहिली. मग गेनबाचं ओळखपत्र मागितलं, कारण ओळख देणाऱ्याचीही ओळख लागते. चव्वेचाळीस वर्षं रोज पाहिलेला गेनबा, त्याची ओळख दोन मेंबरांच्या सहीने पटली. पेरीनबाईंनी पटरला तंदुरुस्तीचा दाखला दिला. तेव्हा खांबेटे लवून म्हणाला, "आपली प्रकृती सुधारली, आनंद वाटला. या, बसा." आणि मान वर न करता, "गेनू, तू बाहेर थांब."

गेनबा बाहेर जाऊन खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. मागे म्हादू आणि पंधरा कॅडी.

ठराव वाचला गेला. मेंबर उठले. एकतीस उजव्या भिंतीकडे गेले, एकतीस डाव्या. मधे टेबल राहिलं. वाऱ्याचा परिणाम मतदानावर होऊ नये म्हणून पंखे बंद केले. खांबेट्याने पटरला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर उभं केलं आणि बोटं सोडली.

पटर उभा राहिला.

"पडतील आता," पेरीनबाई म्हणाल्या. "जरा वेळ द्या त्यांना."

वेळ दिला. दहा मिनिटं झाली. डाव्या भिंतीकडच्या एका जाड्या मेंबराने पाय आपटला, त्याला मतदारावर दबाव आणल्याबद्दल समज मिळाली. चहा आला. भिंतीला टेकून एकतीस जणांनी इकडे चहा प्यायला, एकतीस जणांनी तिकडे. पटर ताठ. खिडकीतून ऊन आत आलं, पितळेवर पडलं आणि छतावर सोन्यासारखा ठिपका थरथरायला लागला. ठिपका हलत होता, पटर हलत नव्हता.

"तात्या," म्हादू गेनबाच्या कानाशी पुटपुटला, "दोन हात."

उजवीकडे, साहेब, एवढंच गेनबाच्या ओठांवर चाललं होतं. शब्द दिलाय आपण.

चाळीस मिनिटांनी खांबेट्याने घसा साफ केला आणि नियम एकतीस वाचला. उभा राहूनही कोणत्याच भिंतीकडे न गेलेला सभासद तटस्थ समजावा. मतं समसमान, तेव्हा निकाल अध्यक्षांच्या मताने. अध्यक्ष खुर्चीतून न उठता म्हणाले, "परंपरा आहे." ठराव पडला. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. पटरने दबावाला न झुकता निःपक्षपाती भूमिका घेतली म्हणून इतिवृत्तात त्याच्या अभिनंदनाची नोंद झाली, आणि पुढच्या वर्षापासून त्याला शिस्त समितीवर घ्यावं असंही ठरलं. सगळे जण एकेक करून त्याला हात लावून गेले. केवढा सरळ, म्हणाले. केवढा सरळ माणूस.

गेनबा आला तसाच नाल्यावरून घरी गेला. सात महिन्यांत गुडघा गेला. पिशवी म्हादूकडे गेली.

म्हादूने पुढे घरी येऊन, पाय धरून, बोललेलं सगळं मागे घेतलं. पेरीनबाई गुडघ्याला पट्टा घेऊन आल्या आणि रडल्या. ठकूबाईची काही चूक नव्हती, तरी चिंच कोळून दिल्याबद्दल ती दोनदा 'चुकलं' म्हणाली. अध्यक्षांनी दिवाळीला पुडा पाठवला. खांबेट्यानेसुद्धा फोन कानाला तसाच ठेवून, दुसरीकडे बघत का होईना, "सॉरी हं गेनू" म्हटलं. गेनबाने सगळ्यांना माफ करून टाकलं. तसा तो मनाने वाईट नाही. एकजण तेवढा राहिलाय. ज्याने गेनबाच्या घरच्या एकुलत्या खुर्चीवर पंधरा दिवस बसून, साक्षीदारासमोर शब्द दिला आणि टेबलावर ताठ उभा राहून मोडला, त्याचा अजून एक शब्द नाही, एक चिठ्ठी नाही. गेनबा वाट बघतोय. नाव लपवायचं मला कारण नाही.

पटर त्रिंबक नाडगौडा.