हलक्या दमाची नळी

मांडवात गाणं ऐन रंगात आलेलं असताना कीबोर्डची वायर उपटणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. कीबोर्ड माझाच होता.

मी बोळिंजला कीबोर्डचे क्लास घेतो आणि लग्नसराईत मांडवात वाजवतो. त्या दिवशी एक उंच, काळेभोर, पिकल्या केसांचे गृहस्थ थेट स्टेजवर चढले, माझ्या वायरचा माग काढत बोर्डापर्यंत गेले आणि हिसका दिला. सगळा मांडव गप्प. वर मलाच दरडावून विचारतात कसे, "एक बटन दाबलंस तर ढोल, ताशा, पिपानी सगलं वाजलं. यात मानूस कुठं हाय?"

मी त्यांना मारायला धावलो होतो. चौघांनी धरलं म्हणून वाचले. आणि माझं नशीब असं, की पुढच्याच महिन्यात पाचूबंदरला भाड्याने खोली मिळाली तिचे मालक हेच निघाले. इनासकाका.

काकांची उभी हयात दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. पेशंटने फुंकायचं आणि त्याच्या छातीत किती दम आहे ते काट्याने दाखवायचं, असल्या यंत्रावर ते होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांना फक्त राग येतो. बटणाने वाजणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा येतो. माझ्या दाराला चिमणीच्या आवाजाची बेल होती. ती त्यांनी मी घरात नसताना काढून टाकली. जाब विचारला तर म्हणाले, "चिवचिव करतंय. चिमनी दाखव, परत लावून देतो."

घर वडिलांचं. खालच्या मजल्याच्या मधोमध भिंत घातलेली, ओटासुद्धा चिरलेला. अलीकडे इनासकाका, पलीकडे धाकटे भाऊ पास्कूकाका. वडिलांची होडी विकण्यावरून दोघांचं बिनसलं, ते कायमचंच. तेव्हापासून बोलणं बंद. जे काय सांगायचं ते वरच्या भाडेकरूने पोचवायचं. हे काम भाडेकरारात नव्हतं. इनासकाका भावाला "तो मानूस" म्हणत आणि पास्कूकाका "अलीकडचा". मधल्यामध्ये मी जिना चढून-उतरून पिसाळलेला.

पास्कूकाका गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. घरातल्या बाया कळश्या घेऊन निघतात आणि बँड त्यांना वाजतगाजत विहिरीवर नेतो. गावातल्या प्रत्येक पोरीचं पाणी पास्कूकाकांच्या ट्रंपेटमागून आलेलं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, ओठ एका अंगाला लोंबला. ट्रंपेटला ओठ घट्ट आवळावे लागतात, ते आता होईना. आणि तशात त्यांच्या एकुलत्या एक पोरीचं, मर्सीचं, लग्न ठरलं. आपल्याच पोरीचं पाणी दुसऱ्याच्या वाजवण्यावर येणार, या विचाराने त्यांनी जेवण सोडलं. त्यांच्या बायकोने मला हे रडत सांगितलं आणि मी अलीकडे जाऊन सांगितलं.

"मग मी काय करू?" इनासकाका माझ्यावर खेकसले. "त्या मानसाचं तोंड त्याच्याजवल." आणि दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीतून कथील वितळवून वायरींना डाग देण्याचा वास यायला लागला.

त्यांनी वाद्य करायला घेतलं. भिंतीतून वायर नेतात तसली प्लास्टिकची नळी. तोंडाशी वाफ घ्यायचा रबरी मुखवटा, म्हणजे ओठ आवळायची गरज नाही. आत दम मोजणारी चिप. डाव्या हाताच्या बोटांखाली तीन मऊ गाद्या, दाबाल तसा सूर बदलणाऱ्या. शेवटी स्पीकर, आणि वायरने जोडलेला बॅटरीचा डबा. मी फुंकून पाहिली तर अशी किंचाळली, की कोळणींच्या टोपल्यांभोवतीची मांजरं पळाली.

"हलकं!" काका ओरडले. "तुझ्यासाठी नाय ती!"

पण ज्याच्यासाठी होती त्याच्याशी बोलणं बंद. मग त्याचा दम मोजायचा कसा? काकांनी माझ्या हातात मेणबत्ती दिली. म्हणाले, त्या माणसासमोर पेटव, फुंकायला सांग आणि किती लांबून विझते ते बघून ये. मी मुकाट्याने पलीकडे गेलो. पास्कूकाकांनी मेणबत्तीकडे पाहिलं आणि अर्ध्या तोंडाने म्हणाले, "आज माजा वाढदिवस हाय काय?" तरी फुंकली. ज्योत नुसती वाकली. पुन्हा फुंकली, पुन्हा वाकली.

हे मी इनासकाकांना सांगितलं. त्यांनी मलाच झापलं. मेणबत्ती नीट धरली नसशील म्हणे!

त्यांनी नळी आणखी हलकी केली. इतकी हलकी, की बंदरावरचा वारा खिडकीतून आला तरी ती आपोआप कण्हायला लागली. संध्याकाळभर गल्लीत ते रडगाणं. शेजारच्या म्हातारीने घाबरून रोझरी धरली. काका खिडकीत उभे राहून वाऱ्याला शिव्या देत होते. शेवटी माझ्या माइकचा स्पंज, मला न विचारता, कापून त्यांनी मुखवट्यात बसवला. मीही त्या दिवशी तोंडाला येईल ते बोललो.

रागाच्या भरात एक शहाणपणाही केला. म्हटलं, "काका, एवढ्या कमी दमात सूर कापरा येतो. आत दोन ओळींचा प्रोग्राम टाका, सरळ होईल. लोकांना कळणारसुद्धा नाही."

ते असे काही वळले, की मी दोन पावलं मागे सरलो. "कापरा हाय तो त्याचा हाय. मी सरल केला तर तो माझा होईल. त्याची पोर बापाच्या सुरावर जानार का माझ्या?"

मी नळी पलीकडे पोचवली. पास्कूकाकांनी ती मांडीवर घेतली, उलटसुलट केली. म्हणाले, "अलीकडच्याला सांग, नाय वाजवनार." लग्नाचं आमंत्रण गावभर गेलं, भिंतीच्या अलीकडे गेलं नाही. मला दोघांचाही संताप आला. एकाच आईच्या पोटचे हे दोघे, आणि ती पोर मधल्यामध्ये रडतेय.

पाण्याच्या संध्याकाळी बाया कळश्या घेऊन उभ्या राहिल्या. बँड तयार. पास्कूकाकांच्या चाकाच्या खुर्चीमागे मी होतो. मर्सीने नळी बापाच्या हातात दिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मुखवटा तोंडाला लावला.

पहिला सूर निघाला. बारीक, कापरा, पण ज्यांनी त्यांचा ट्रंपेट ऐकला होता त्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. दुसरा सूर अर्ध्यात मोडला. ढोलवाला पुढे वाजवत राहिला. पास्कूकाकांनी पुन्हा फुंकलं, काहीच आलं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली आणि त्यांनी शरमेने मान खाली घातली.

"बंद कर तो ढोल!" अलीकडचं दार उघडलं होतं. इनासकाका गंजीफ्रॉकवर, भिंतीला वळसा घालून, ढोलवाल्यावर ओरडत येत होते. "मानसाला श्वास घेऊ दे की! एवढी घाई कसली?" ते खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले. गळ्यातल्या पंच्याने भावाचा ओठ पुसला, मुखवटा सारखा केला.

"दम घे, पास्कू," ते म्हणाले. "विहीर कुठं पलून नाय चालली."

पास्कूकाकांनी डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. दम घेतला. फुंकलं.

वरात हलली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नळीपासून बॅटरीच्या डब्यापर्यंतची वायर जेमतेम हातभर आहे. डबा धरणाऱ्याला खुर्चीला चिकटूनच चालावं लागणार. ज्यांच्या घरात वायरची भेंडोळी खुंट्यांना लटकलेली असतात, त्या माणसाने ही एवढी आखूड कापली होती. डबा उचलायला मी हात पुढे केला. इनासकाकांनी तो रागाने बाजूला सारला आणि डबा स्वतःच्या छातीशी धरून ते भावाच्या बरोबरीने विहिरीकडे चालू लागले.