पालमच्या समुद्रात टिकणारा व्हॉल्व्ह

पालमजवळच्या एका गावात पाण्याच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह गंजला आणि बंद अवस्थेतच घट्ट बसला. परिणामी टाकी काठोकाठ भरलेली आणि नळ ठणठणीत कोरडे, अशी परिस्थिती उद्भवली. बाया घागरी घेऊन टाकीच्या सावलीतून शेतातल्या विहिरीकडे जाऊ लागल्या. सरपंच दैवशालाही त्यांच्यातच होती. शेवटी तिनं तालुक्याला जाऊन अभियंता योगीराज यांना गाठलं.

"साहेब, पालमच्या बाजारात व्हॉल्व्ह मिळायलाय. तुमी हो म्हणा, उद्याच बसवतो."

"लोखंडी?" योगीराजांचा चेहरा पडला. "ताई, आता सगळीकडे एकच निकष आहे. व्हॉल्व्ह तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचाच हवा. वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्यात ठेवा, गंजणार नाही."

"पण आमच्याकडं समुद्र न्हाई."

"म्हणून निकष लागू नाही म्हटलं, तर मराठवाड्यावर अन्याय होईल. तुम्हाला मागास राहायचंय का?"

दैवशालाला मागास राहायचं नव्हतं, आणि पाणीही हवं होतं. पण या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मागायची सोय नव्हती.

यथावकाश व्हॉल्व्ह आला. गुलाबीसर, चकचकीत, कापडात गुंडाळलेला. किशनराव देशमुखी थाटाचे गृहस्थ. त्यांनी त्याला स्वतः हळदकुंकू वाहिलं. मात्र बसवण्यापूर्वी त्याची 'स्थानिक समुद्रपाण्यात' चाचणी आवश्यक होती.

"समुद्र तयार करू," योगीराज म्हणाले. "लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. अवघड काही नाही."

"मग बादलीत करा की, साहेब!"

"बादलीला समुद्र म्हणून मान्यता नाही."

गावात मान्यता असलेला एकच जलसाठा होता. मिठाची पोती घेऊन टेम्पो टाकीखाली थांबला. शेजारच्या चतुराबाईंची शेरडं धावत आली आणि पोती चाटू लागली. गावातल्या समुद्राचा लाभ एवढ्याच रहिवाशांना झाला. मीठ टाकीत ओतलं गेलं आणि व्हॉल्व्ह आतल्या लोखंडी शिडीला तारेनं जखडून बुडवण्यात आला.

काही आठवड्यांनी पाहणी झाली. व्हॉल्व्हवर ओरखडाही नव्हता. शिडी मात्र खंगून तळाला गेली होती. थोर धातूला साधं लोखंड बांधून दोन्ही खाऱ्या पाण्यात ठेवली, की थोराचं रक्षण होतं आणि साधं झिजतं. रसायनशास्त्रात याला कारण देतात. कार्यालयात ही पद्धतच असते. अहवालात व्हॉल्व्ह उत्कृष्ट ठरला आणि शिडी 'सागरी गावास अयोग्य'. आता शिडीही मिश्रधातूची येईपर्यंत व्हॉल्व्ह बसवता येणार नव्हता. शिवाय टाकीतल्या पाण्याचा नमुना खारट निघाला.

योगीराज गंभीर झाले. "बघा ताई, निकष किती दूरदृष्टीचा होता."

दैवशाला थेट टाकीकडे निघाली. तिनं मोटर लावून टाकी उपसली, चार बायांना घेऊन घासून धुतली, पालमहून लोखंडी व्हॉल्व्ह आणला आणि गोपाळ मिस्त्रीकडून बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी नळांना गोडं पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी लोकांनी ग्रामसभा बोलवायला लावली.

"पाणी आलं, पण गावाची इज्जत गेली," किशनराव म्हणाले. "ताडकळसच्या पाहुण्यांना मी समुद्राचा व्हॉल्व्ह बघायला बोलावलंय. आता काय ह्यो लोखंडाचा तुकडा दावू?"

"अवो, पाहुण्यांना गोड पाणी पाजा की!" चतुराबाई म्हणाल्या.

"पाणी कुटंबी मिळतंय, काकू. समुद्र हाय का कुणाकडं?"

हा मुद्दा लोकांना लय पटला. लोखंडी व्हॉल्व्ह काढावा आणि मिश्रधातूची शिडी येईपर्यंत नळ बंद ठेवावेत, असा ठराव आला. दैवशाला हात मोजू लागली. वर आलेल्या बऱ्याच मनगटांवर दोनशे मीटर खोल पाण्यात चालणारी घड्याळं होती. त्यांचे मालक आंघोळीला जाताना ती आठवणीनं काढून ठेवत.

ठराव मंजूर झाला. संध्याकाळी नळ पुन्हा कोरडे पडले.

हसण्यापूर्वी वाचकांनी आपलं घड्याळ किती खोल पाण्यात चालतं ते मागच्या झाकणावर पाहून घ्यावं, आणि मग हवं तर हात खाली करावा.