साठ कार्डं, साठ कोपरे

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीची निमंत्रणं प्रेसमध्ये न छापता आपल्या हातानं करायची, असं वीरेंद्र कटरेनं एका रविवारी ठरवलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. (वीरेंद्र गोंदियात एका सरकारी कचेरीत बाबू होता. सोमवार ते शुक्रवार काहीही ठरवायचं नाही, ही त्याला पक्की सवय होती. सुटीच्या दिवशीच तेवढा तोल जायचा.)

या ठरवण्यामागे चौदा वर्षांचं दुखणं होतं. सासरे भैयाजी टेंभरे (वीरेंद्र त्यांना मामाजी म्हणे) म्हणजे सालेकशाकडचे धानाचे जुने शेतकरी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या जावयाला सहज म्हणून धानाचं पोतं उचलायला सांगितलं. पोतं जागचं हललं नाही. जावयाची कंबर मात्र हलली आणि सत्यनारायणाला तो पट्टा बांधून बसला. तेव्हापासून कोणाही पाहुण्याशी ओळख करून देताना भैयाजी एकच वाक्य म्हणत, "हे आमच्या रेणूचे मालक. यायच्या हाताले काही येत नाही, मनून नोकरी करतेत." पाहुणे समजूतदारपणे मान डोलवत. वीरेंद्रला त्या तोंडून एकदाच, मरायच्या आत एकदाच, ऐकायचं होतं की जवाईबापू, तुमच्या हातात कला आहे. (कोणाच्या मरायच्या आत, याचा विचार त्यानं तेव्हा केला नव्हता.)

कला त्यानं मोबाइलवर शोधून ठेवली होती. गोऱ्या गोऱ्या बाया शांत आवाजात बोलत कार्डं करतात, असे व्हिडिओ तो महिनाभर पाहत होता. त्यातलंच एक यंत्र त्यानं मागवलं. लोखंडी डाय कागदावर ठेवायची, दोन पाट्यांच्या मध्ये दाबायची, मूठ फिरवायची. पलीकडून फुलाच्या, पानाच्या नाहीतर टॅगच्या आकारात कापलेला कागद बाहेर येतो. उसाच्या चरकाचा धाकटा भाऊच म्हणा. सोबत रबरी स्टॅम्प, तीन इंक पॅड आणि वॉटरकलरची पेटी आली.

"हे काय आणलं?" रेणूनं विचारलं.

"ऑफिसचं आहे."

"ऑफिसात फुलं कापता का तुमी?"

"कॉन्फिडेन्शियल आहे," वीरेंद्र म्हणाला आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. तिलाही सरप्राइज द्यायचं होतं. यात पापड लाटले जातील का, एवढंच रेणूनं दाराबाहेरून विचारलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

चित्र सारसांचं काढायचं, हे पक्कं होतं. गोंदियाचा माणूस दुसरं काय काढणार? धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साठलेल्या शेतात, सारसाची जोडी, वर सोनेरी आकाश. प्रत्यक्षात पहिला सारस करड्या रंगात बरा उतरला, मान जरा जास्त खाली गेली इतकंच. दुसऱ्यावर पाणी जास्त झालं, तो फुगला, पसरला आणि आकाशात विरून गेला. खाली एकटा सारस मान टाकून उभा, वर एक धूसर आकृती निघून चाललेली. सारसाच्या जोडीतला एक गेला की दुसरा कसा झुरतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वीरेंद्रला ते चित्र भावपूर्ण वाटलं. पिवळा रंग संपल्यामुळे आकाश जांभळट काळं ठेवलं. स्टॅम्पच्या संचात एक पणती होती, ती शुभ म्हणून खाली उमटवली.

मग कोपरा आला. पहिलंच कार्ड यंत्रातून काढताना त्याचा उजवा कोपरा डायमध्ये अडकला आणि टरकन गेला. तीन तासांच्या मेहनतीचं कार्ड फेकवेना. वीरेंद्रनं तो कोपरा कात्रीनं तिरका, स्वच्छ कापला, लांब धरून पाहिलं आणि त्याला एकदम सुचलं की हीच तर डिझाइन. त्यानं कात्री घेतली आणि उरलेल्या एकोणसाठ कार्डांचे कोपरे त्याच मापानं उडवले.

आता, कोपरा कापलेलं पत्र घरी आलं की त्याचा अर्थ काय, हे वाचकांना सांगायला नको. तसं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. दारातच नाव वाचतात, तिथल्या तिथे फाडतात, आंघोळ करतात आणि मग रडतात. पण वीरेंद्र गोंदिया शहरात वाढलेला, मौतीच्या बातम्या फोनवर ऐकणारा. त्याला आयुष्यात पत्रं आली ती कचेरीची, आणि त्यांचे चारही कोपरे शाबूत असत.

कापलेल्या कोपऱ्यात भोक पाडून त्यानं सुतळीनं एक छोटा टॅग बांधला. टॅगवर सुरेख अक्षरात लिहिलं, 'भैयाजी टेंभरे, १९५० – २०२५'. पंचाहत्तर वर्षं एका ओळीत कशी छान बसली. खाली वार, वेळ, गाव आणि स्वतःचा फोन नंबर. पंचाहत्तरी, शुभेच्छा, केक वगैरे मजकूर कार्डाच्या आत होता. गावातल्या लोकांना दुपारच्या जेवणाचं तोंडी आवतण द्यायचं काम त्यानं मेहुण्याकडे, हेमेंद्रकडे सोपवलं, बुढ्याला काही सांगायचं नाही अशी ताकीद दिली, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांची साठ कार्डं पोस्टात टाकली.

गुरुवारी पहिला फोन आला. आमगावकडून भैयाजींचे मावसभाऊ चुन्नीलाल बोलत होते.

"जवाईबापू, तुमचा कारड भेटला. हात कापून रायले माहे."

वीरेंद्रला भरून आलं. "इतकं आवडलं काका?"

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "असा अचानक कसा झाला?"

"अचानक कुठे, तीन आठवडे चाललं होतं."

"तीन आठवडे? आन् आमाले काऊन नाही सांगितला?"

"कोणालाच नाही सांगितलं. रेणूलासुद्धा नाही."

"पोरीले बी नाही?"

"तिला रविवारीच कळेल. सरप्राइज आहे."

चुन्नीलालनी मोठा श्वास घेतला. "लई तरास झाला का?"

"झाला ना. पाठ धरली, बोटं निळी पडली. पण शेवट चांगला झाला."

"सुटला बिचारा," चुन्नीलाल म्हणाले आणि हमसून रडायला लागले. आपल्या कार्डानं आमगावपर्यंत माणसं रडतात, या विचारानं वीरेंद्रला त्या रात्री झोपच आली नाही. हेमेंद्रला कोणी फोन केला असता तर उलगडा झालाही असता, पण सासरच्या घरी रेंज यायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि दुःखाच्या घरी फोन करून खात्री करून घेणं आपल्याकडे कोणी करत नाही. माणसं सरळ निघतात.

रविवारी वीरेंद्र आणि रेणू मोटारसायकलवर निघाले. बाबूजींची पंचाहत्तरी आहे एवढं तिला आता सांगितलं होतं, त्यामुळे मांडीवर केकचा डबा धरून ती खुशीत बसली होती. अंगणात शिरताच वीरेंद्रची छाती फुगली. मंडप भरलेला. साठ कार्डांना दीडशे माणसं आलेली. सगळी पांढऱ्या कपड्यांत, सगळी खाली मान घालून, आणि कितीतरी जणांचे डोळे ओले. आपल्या सासऱ्यावर लोकांचं इतकं प्रेम असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात भैयाजींची बहीण धनवंता उठली आणि रेणूच्या गळ्यात पडली.

"तुह्या बाप गेला व रेणू. माह्या भाऊ गेला."

केकचा डबा खाली पडला. रेणूनं हंबरडा फोडला, तो ऐकून बायका नव्यानं रडायला लागल्या. वीरेंद्र जागच्या जागी थिजला. आज, ऐन पंचाहत्तरीच्या सकाळी? (हेमेंद्रला विचारावं, तर तो सालेकशाला भांडी आणायला गेला होता, आणि घरचं दुसरं कोणी तिथे नव्हतं.) पुरुषांच्या रांगेत जिथे जागा दिसली तिथे तो बसला आणि खरोखर रडला. म्हातारा खवचट होता, पण दर वर्षी नव्या तांदळाची पहिली चुमडी भरून गोंदियाला पाठवायचा. आणि आता ते एक वाक्य त्या तोंडून कधीच ऐकायला मिळणार नव्हतं, याचं दुःख तर पोटात मावत नव्हतं.

शेजारी डोक्यावरून पांढरा दुपट्टा घेतलेला एक म्हातारा बसला होता. बराच वेळ गेल्यावर त्यानं हळूच कोपरानं ढोसलं.

"कोन गेला?"

"मामाजी," वीरेंद्र हुंदका देत म्हणाला.

"कोनते मामाजी?"

"माझे."

"तुमाले किती मामाजी हायेत?"

"एकच होते," असं म्हणून वीरेंद्रनं डोळे पुसत मान वळवली. दुपट्ट्याच्या आत भैयाजी होते.

झालं होतं ते साधं होतं. भैयाजी पहाटेच बांधीकडे गेले होते. मागच्या फाटकानं परतले, तर आपलं अंगण सुतकी माणसांनी भरलेलं. घरात मौत झालेली दिसते, आणि कोण गेलं असं ओरडून विचारणं बरं दिसत नाही. म्हणून कोणीतरी दिलेला दुपट्टा डोक्यावर घेऊन ते गुमान रांगेत बसले होते आणि गेला अर्धा तास त्यांनी मन लावून शोक केला होता. बायकांच्या रडारडीत कोणाचं नाव काही त्यांना ऐकू आलं नव्हतं, आणि रांगेत कोणी वर पाहत नव्हतं, म्हणून त्यांना कोणी ओळखलंही नव्हतं.

वीरेंद्रच्या तोंडातून आवाज निघायच्या आत भैयाजींच्या दुसऱ्या बाजूला दुलीचंद येऊन बसला. हा त्यांचा भाऊबंद, शेताला शेत लागून. धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, वीस वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे त्याला आवतण नव्हतं; रडारड ऐकून तो आला होता. त्याची मान छातीत रुतलेली होती.

"भैयाजी सोन्यावानी मानूस व्हता," दुलीचंद शेजारच्या दुपट्ट्याला म्हणाला.

'व्हता' ऐकून भैयाजी दचकले. मग त्यांनी जावयाच्या मांडीला असा चिमटा घेतला की वीरेंद्रचा आवाज घशातच राहिला.

"मी त्याले लई तरास देल्लो," दुलीचंद नाक पुसत पुढे म्हणाला. "तो धुरा मीच सरकवलो व्हतो. देवापाशी आता का सांगू? दोन हात सरकवलो."

"तीन," दुपट्ट्यातून आवाज आला.

दुलीचंदनं वर पाहिलं. मग तो बसल्या जागेवरून मागे सरकत थेट मंडपाच्या खांबापर्यंत गेला, आणि खांब लागला म्हणून तिथे थांबला. भैयाजी दुपट्टा झटकून उभे राहिले. चुन्नीलालनी हात जोडले. दोघं-तिघं फाटकाबाहेर पळाले, ते जेवणाच्या वासानं परत आले. रेणूनं बापाला मिठी मारली. धनवंताबाईंना मात्र भयंकर राग आला.

"जित्ता हायेस त सांगाले का झाला व्हता तुले?" त्या भावाला म्हणाल्या. "मी आमच्या गावापासून रडत येऊन रायली."

"मले कोनी इचारला का?" भैयाजी म्हणाले. "मी बी त रडूनच रायलो व्हतो."

मग पुरावा निघाला. कार्डं साऱ्यांनी रीतीप्रमाणे दारातच फाडली होती, पण धनवंताबाईंनी भावाची शेवटची निशाणी म्हणून टॅग आणि त्याला चिकटलेला अर्धा सारस कनवटीला ठेवला होता. तो हातोहात फिरत रेणूकडे आला. तिनं कोपरा पाहिला, सालं पाहिली, सारस पाहिला, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"कोपरा काऊन कापला?"

"मशीनमध्ये अडकला."

"साठही?"

"एक," वीरेंद्र खाली पाहत म्हणाला. "बाकीचे मी कापले."

दीडशे माणसं त्याच्याकडे पाहत होती. मोटारसायकलची चाबी कुठल्या खिशात आहे, हे त्यानं हळूच चाचपून ठेवलं.

पण हेमेंद्र भांडी घेऊन आला, पंगत बसली, आणि भैयाजींचा मूड काही औरच निघाला. माणसाला जिवंतपणी आपली तेरवी पाहायला मिळत नाही; त्यांना मिळाली होती. कोण किती रडलं, काय काय बोललं, हे ते पानापानापाशी जाऊन विचारत होते. चुन्नीलालना तर त्यांनी पुन्हा एकदा रडून दाखवायला लावलं. दुलीचंदनं चार माणसांसमोर तीन हात धुरा सोडला आणि दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर भैयाजी खाटेवर टेकले आणि त्यांनी वीरेंद्रला जवळ बोलावलं. हातात तोच टॅग होता. ते तो बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिले.

"जवाईबापू, वीस वर्स झाले या धुऱ्याले. तलाठी आला, मोजनीवाला आला, काही झाला नाही. या कागदानं झाला."

वीरेंद्र खाटेच्या आणखी जवळ सरकला.

"कागद बी मजबूत हाये. अक्षर पाहा कसा हाये. आन् हा पक्षी त असा काढला हाये का माह्या मौतीवर मलेच रडाले आला. लई मस्त काम हाये."

चौदा वर्षं. वीरेंद्रनं आजूबाजूला पाहिलं. रेणू ऐकत होती, धनवंताबाई ऐकत होत्या, दुलीचंदसुद्धा ऐकत होता.

"कोनत्या प्रेसमंदी छापला?" भैयाजींनी विचारलं.

"प्रेसमध्ये नाही मामाजी," वीरेंद्र म्हणाला. "हातानं केलं. साठही कार्डं, माझ्या हातानं."

भैयाजींनी टॅग खाटेवर ठेवला. आधी कापलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग जावयाच्या दोन्ही हातांकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या मनावरचं काहीतरी ओझं उतरल्याचं साऱ्यांना दिसलं.

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. "जित्त्या मानसाले मारला मनून मी मघापासून त्या बिचाऱ्या प्रेसवाल्याले मनात शिव्या देऊन रायलो व्हतो."